खंडेनवमीला झोपवलेलं मशीन

धम्मप्रिया तळभंडारे कारखान्यात नेमकं काय काम करते हे तिच्या आईला अजून कळलेलं नाही, आणि कारखान्यातल्या निम्म्या लोकांनाही नाही. तिच्या खोलीत ना माग, ना सूत, ना शिलाई. एक लोखंडी कपाट, त्यात घरघरणारा सर्व्हर, एक टेबल, एक खुर्ची, आणि मालकाची केबिन सोडली तर अख्ख्या कारखान्यातला एकुलता एक एसी. वैशाखात सोलापूर तापलं की कामगार काहीतरी निमित्त काढून तिच्या दारात येतात, ‘मॅडम, आमचं लॉगिन होईना की,’ म्हणतात आणि घाम वाळेपर्यंत हलत नाहीत. तीही घाम वाळेपर्यंत काही बोलत नाही. मग म्हणते, ‘झालं लॉगिन. जावा आता.’

कारखाना टॉवेलचा, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतला. मालक उदयसिंह हे माळशिरसकडचे, घरचा ऊस. वडलांच्या मनाविरुद्ध टॉवेलात पडले आणि टिकले. धम्मप्रिया तिथे लागली तेव्हा नुकतीच कॉम्प्युटरची पदवी घेऊन बाहेर पडली होती. तिचे वडील रावसाहेब गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर त्यांनी मिळेल ते काम केलं, पण मुलीला मागावर उभी करायची नाही हे त्यांचं पक्कं होतं. ‘टॉवेलच्या कारखान्यात जातीस तर जा, पण सुताला हात लावायचा न्हाय,’ असं बजावून त्यांनी तिला पाठवलं. तिने सुताला हात लावला नाही. वडील गेले, ती राहिली. आता चाळिशी ओलांडली, लग्न झालेलं नाही. का झालं नाही तेच पुढे येणार आहे, तेव्हा उगाच आधीपासून हळहळायला नको.

आधी तिचं काम समजून घ्यायला हवं, त्याशिवाय पुढचं काही कळायचं नाही. त्या एका लोखंडी कपाटात दहा-बारा कॉम्प्युटर आहेत. ते दिसत नाहीत, त्यांना हात लावता येत नाही, पण आहेत. हिशेबाचा एक, मालाच्या नोंदीचा एक, डिझाइनचा एक. एकाच लोखंडातून वाटून दिलेले. कुणी आपल्या टेबलावरचा पडदा उघडला की त्याला वाटतं, आपला कॉम्प्युटर आपल्यासमोर आहे. तो खरा असतो धम्मप्रियाच्या कपाटात. व्हर्च्युअल मशीन म्हणतात त्यांना. ती नुसतं मशीन म्हणते. प्रत्येक मशीनला आपली डिस्क, म्हणजे त्याचं सगळं सामानसुमान ठेवायची जागा. ही डिस्क मशीनपासून सोडवता येते, दुसऱ्याला जोडता येते, वाढवता येते, नको झाली तर पुसून टाकता येते. मशीनांना नावं कामावरून द्यायची आणि डिस्कांना माणसांवरून, हा रिवाज तिनेच पाडला. कारण साधं होतं. नंबर दिलेली वस्तू कुणीही बेधडक टाकून देतं, माणसाच्या नावाची वस्तू टाकताना हात जरा अडखळतो.

गेल्या वर्षी उदयसिंहांनी ह्या कामाला एजंट आणला. म्हणजे माणूस नव्हे, प्रोग्राम. त्याला लिहून सांगायचं, तो डिस्का तपासतो, कुठली भरत आली ते सांगतो, हवी तेवढी वाढवतो, नक्कल काढून ठेवतो. आधी ह्या कामाला आज्ञांच्या लांबलचक ओळी बिनचूक लिहाव्या लागत. आता मराठीत सांगितलं तरी चालतं.

घरी तिने हे आईला सांगितलं. शालनबाई भाकरी थापत होत्या.

‘एजंट म्हंजी? विम्याचा का?’

‘विम्याचा नाही गं. कॉम्प्युटरातला. मी सांगायचं, त्याने करायचं.’

‘मग स्थळं बघाय सांग की त्याला. आमी सांगून थकलो.’

धम्मप्रिया हसली नाही, पण तिला हसू आलं होतं.

एजंटाची मराठी पुस्तकी होती, अगदी शिक्षणाधिकाऱ्यासारखी. ती लिहायची, ‘हिशेबाची डिस्क भरत आली काय बघ की.’ तो लिहायचा, ‘सदर डिस्कचा बहुतांश भाग व्यापलेला आहे. आपली अनुमती असल्यास विस्तार करतो.’ तिने त्याला एकदा सरळ बोल म्हणून सांगितलं. तो म्हणाला, ‘अवश्य. यापुढे सुलभ भाषा वापरण्याचा प्रयत्न राहील.’ तिने नाद सोडला. कामाला मात्र तो चोख होता. पुसण्याचं काम तेवढं तिने त्याच्या हाती ठेवलं नाही. डिस्क पुसायची तर धम्मप्रियाने स्वतः त्या डिस्कचं नाव अक्षर अक्षर टाइप करायचं, तरच पुसायचं, असा नियम तिने पहिल्याच आठवड्यात घालून दिला. पुढे तोच नियम आपल्याला आडवा येईल हे तेव्हा तिच्या ध्यानातही नव्हतं.

दर सोमवारी एजंट सगळ्या डिस्कांचा आढावा द्यायचा. शेवटी एक ओळ ठरलेली. ‘शिवयोगी ही डिस्क जुन्या डिझाइन मशीनला जोडलेली असून ते मशीन सहा वर्षांपासून निद्रिस्त आहे. निर्णय अपेक्षित.’

आणि दर सोमवारी तिचं उत्तरही ठरलेलं. ‘उद्या बघू.’

आता शिवयोगीचं.

शिवयोगी डिझायनर होता. अक्कलकोटच्या पलीकडे, हद्दीवरच्या गावचा. घरात कानडी, बाहेर मराठी, आणि दोन्हींत बोलायचा तो तितकाच कमी. टॉवेलच्या काठाची नक्षी काढणं हे त्याचं काम. पडद्यावर चौकटी चौकटींचा कागद असतो, एक चौकट म्हणजे एक धागा, त्या रंगवत जायचं. बहुतेक नक्षी दोन्हीकडे सारखी असते, म्हणून डिझायनर अर्धीच काढतो. प्रोग्रामात एक बटण असतं, त्याला हे लोक आरसा म्हणतात. तो चालू ठेवला की डावीकडे काढलेलं उजवीकडे आपोआप उमटतं. शिवयोगी म्हणायचा, ‘मॅडम, माझा निम्मा पगार त्या आरशाला दिला पाहिजे. मी अर्धंच काम करायलोय.’

तो तिला मॅडमच म्हणायचा. तीही त्याला शिवयोगी सर म्हणायची, निम्मं कारखान्यातल्या लोकांसाठी आणि निम्मं स्वतःसाठी. दुपारचा डबा एकत्र व्हायचा. त्याच्या डब्यात कडक ज्वारीची भाकरी आणि शेंगाची चटणी, तिच्या डब्यात सणाच्या दुसऱ्या दिवशी आईने दिलेली खपली गव्हाची खीर. खीर तो चाटूनपुसून खायचा. एकदा डबा खाताना त्याने सांगितलं होतं, त्याच्या आजीच्या गावी दारावर खडूने लिहून ठेवतात, ‘नाळे बा’. म्हणजे उद्या ये. रात्री भूत दाराशी येतं, वाचतं, बरं म्हणून परत जातं. दुसऱ्या दिवशी येतं, परत तेच वाचतं.

‘आणि भुताला कळत नाही होय?’ तिने विचारलं.

‘कळत असंल की. पण लिहिलंय म्हटल्यावर मान ठेवायला पाहिजे.’

मन जडलं होतं. दोघांचंही, हे सांगायला ज्योतिषी नको. बोललं कुणीच नाही. जात मध्ये आली असं म्हणायची आजकाल पद्धत नाही, लोक समजूतदारपणे ‘घरच्या अडचणी’ म्हणतात. जात मध्ये आली. तो लिंगायत, ती बौद्ध, त्याच्या मामाच्या हातात त्याचं सगळं घर. हे दोघांनाही पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, म्हणूनच मॅडम आणि सर.

मग ती खंडेनवमी आली.

सोलापुरात खंडेनवमीला माग बंद. कितीही ऑर्डर असो, त्या दिवशी लोखंडाला विश्रांती. यंत्रं पुसायची, झेंडूच्या माळा घालायच्या, हळदकुंकू लावायचं, कोहळा फोडायचा. चालू मशीनची पूजा करत नाहीत, ते थांबलेलं असावं लागतं. शिवयोगी हातात झेंडूचं फूल घेऊन तिच्या खोलीत आला.

‘मॅडम, माग बंद, शिलाई बंद, बॉयलर बंद. तुमची मशिनं तेवढी राबायलेत. बरं दिसतंय काय?’

‘आमच्यात पूजा नसते, शिवयोगी सर. आणि हळद आत गेली तर पंखे बसतील.’

‘हळद राहू द्या. पूजा न्हाई तर न्हाई. विश्रांती द्या की. विश्रांती तर सगळ्यांच्यातच असती.’

तिने एकेक मशीन झोपवायला घेतलं. बंद केलं नाही, झोपवलं. ह्यातला फरक लक्षात घ्यायला हवा. बंद केलं की मशीन सगळं आवरतं, उघडं असेल ते मिटतं आणि मग विझतं. झोपवलं की जिथे असेल तिथे गोठतं. उघडं ते उघडं, अर्धं ते अर्धं, घड्याळाचे काटेसुद्धा तिथेच. जागं केलं की पापणी लवून उघडावी तसं पुढे चालू. त्याला स्वतःला कळतही नाही की मध्ये काही गेलं. दुसरं कुणी असतं तर सगळी मशिनं सरळ बंद केली असती. तिला मात्र ‘बंद’ हा शब्द सणाच्या दिवशी बरा वाटला नाही. गिरणी बंद पडलेल्या घरची मुलगी ती.

डिझाइनच्या मशीनपाशी आल्यावर तिने विचारलं, ‘तुमचं काही उघडं आहे का? सेव्ह करा आधी.’

‘आहे उघडं. पण सेव्ह नको. सेव्ह करायला नाव द्यावं लागतंय. नाव अजून सुचलं न्हाई.’

‘काय काढताय असं?’

‘अर्धंच झालंय. उद्या दाखवतो.’

‘उद्या दसरा. उद्या कारखान्यात कोण येतंय?’

‘कारखान्यात न्हाई. तुमच्या घरी येतो. आमच्यात दसऱ्याला बन्नीची, म्हणजे शमीची, पानं देतात, तुम्ही लोक आपट्याची देता तशी. ती द्यायला येतो.’

‘आम्ही कसलीच देत नाही. उद्या आमचा धम्मचक्र दिन. आम्ही विहारात असतो.’

‘विहारातनं घरी तर येता की. मी बन्नी ठेवतो, तुम्ही खीर द्या. डब्यातनं लई खाल्ली. एकदा वाटीतनं खायची आहे.’

एवढं बोलून त्याने फूल कपाटाच्या मुठीला अडकवलं आणि गेला. जाताना दारातून वळून म्हणाला, ‘येतो मग, धम्मप्रिया.’ नाव पहिल्यांदाच घेतलं. तिने कळ दाबली, मशीन झोपलं.

दुसऱ्या दिवशी ती पांढरी साडी नेसून आईबरोबर विहारात गेली, वंदना झाली, घरी आली. खीर तयार होती. ती दाराशी बसून राहिली. गल्लीत येणारी प्रत्येक गाडी तिने ऐकली. शालनबाईंनी एक वाटी झाकून ठेवली होती. संध्याकाळी त्यांनी ती पातेल्यात परत ओतली.

तो आला नाही. त्या दिवशीही नाही आणि नंतर कामावरही नाही. आठवड्याने ऑफिसात कळलं की दसऱ्याला मामाने त्याची बोलणी पक्की केली. मुलगी कलबुर्गीची, सासऱ्याचं कापडाचं दुकान, जावयाने तिथेच यायचं. दिवाळीनंतर त्याचा फोन आला, अनुभवाचा दाखला हवा होता. फोन नेमका तिनेच उचलला.

‘मॅडम, बऱ्या आहात ना?’

‘बरी आहे.’

दाखल्यासाठी पत्ता सांगितला. मग म्हणाला, ‘माझं मशीन?’

‘झोपलंय.’

‘झोपू दे.’

तेवढंच. दाखला तिने स्वतः टपालात टाकला.

ह्या ‘झोपू दे’वर तिने पुढची वर्षं काढली. नव्या डिझायनरसाठी नवं मशीन केलं, नवा प्रोग्राम आला, जुनी सेव्ह केलेली डिझाइनं तिकडे हलवली. जुनं मशीन का उघडत नाही असं कुणी विचारलं तर ‘त्यात बिघाड आहे’ म्हणायची. साफ खोटं. बिघाड नव्हता. एक कळ दाबली असती तर सगळं दिसलं असतं. पण त्या मशीनच्या आत अजून खंडेनवमीची संध्याकाळ होती आणि दसरा उद्या होता. जागं केलं की तो उद्या उजाडणार आणि त्यात कोणी येणार नाही, हे तिला माहीत होतं. मधल्या काळात स्थळं आली. एक कुर्डुवाडीच्या रेल्वेतलं होतं, चांगलं होतं. ‘बघू,’ म्हणाली. शालनबाई तिला रागावल्या, मग रडल्या, मग थकल्या.

यंदा मात्र कपाटातला सर्व्हरच मोडीत निघाला. तापायला लागला, सुटे भाग मिळेनात. उदयसिंहांनी नवा घेतला. सगळी मशिनं जुन्यातून नव्यात न्यायची, आणि त्यासाठी सगळं थांबवावं लागणार. कारखाना पूर्ण थांबतो असा वर्षातला दिवस एकच.

‘तळभंडारे मॅडम, खंडेनवमीला उरकून टाका,’ उदयसिंह म्हणाले. ‘दसऱ्याला नव्या मशिनचं सीमोल्लंघन. जुनं डबडं दिवाळीच्या आत भंगारात घालतो.’

तिने एजंटाला काम सांगितलं. त्याने यादी करून दिली, कुठली डिस्क आधी, कुठली मग. शेवटी लिहिलं, ‘शिवयोगी या डिस्कबाबत एक अडचण आहे. मशीन झोपलेल्या अवस्थेत नव्या सर्व्हरवर नेता येणार नाही. नव्याचा प्रोसेसर वेगळ्या जातीचा आहे, तिथे ही झोप उघडणार नाही. केवळ डिस्क नेल्यास सेव्ह केलेले राहील, सेव्ह न केलेले जाईल. ते हवे असल्यास जुना सर्व्हर चालू असतानाच मशीन जागे करावे लागेल.’

ती ते वाचत बसली. इतकी वर्षं तिने जे राखलं होतं ते त्या डिस्कवर नव्हतंच. ते त्या झोपेत होतं. आणि झोप जुन्या लोखंडाबरोबर भंगारात जाणार होती.

‘उद्या बघू,’ तिने सवयीने लिहिलं.

एजंट म्हणाला, ‘स्थलांतर उद्याच आहे.’

खंडेनवमीला दुपारी कारखाना शांत झाला. मागांचा आवाज थांबला की सुरुवातीला कानांना चमत्कारिकच वाटतं. कोहळे फुटले, उदबत्त्यांचा वास तिच्या खोलीपर्यंत आला. एजंट एकेक मशीन बंद करून डिस्का नव्या सर्व्हरवर नेत होता आणि दर वेळी सांगत होता, ‘पूर्ण झाले.’ शेवटी एकच राहिलं.

‘मशीन जागे करू का?’ त्याने विचारलं. ‘एक सूचना. जागे झाल्यावर काही क्षणांत मशीनचे घड्याळ आजच्या वेळेशी आपोआप जुळेल. जुन्या डिझाइन प्रोग्रामचा परवाना संपलेला असल्याने तारीख बदलताच तो बंद होईल व सेव्ह न केलेले काम जाईल. घड्याळ जुळणे मी रोखू शकतो. अथवा पडद्याचे चित्र घेऊन ठेवतो.’

चांगला मार्ग काढून दिला होता त्याने. कुणीही शहाणी बाई हो म्हणाली असती. तिनेही ‘रोख’ एवढं लिहिलं, आणि पाठवायच्या आधी थांबली. घड्याळ रोखलं तर पुन्हा तीच संध्याकाळ. चित्र घेतलं तर ते मोबाइलात येणार, मोबाइल घरी येणार, उशाशी येणार. दारावरचं तेच ‘उद्या ये’, नुसतं नव्या खडूने. तिने लिहिलेलं खोडलं.

‘रोखू नको. चित्र नको. जागं कर.’

पडदा उजळला.

कोपऱ्यात घड्याळ होतं, त्या वर्षीच्या खंडेनवमीच्या संध्याकाळचं. मधोमध चौकटींचा कागद उघडा होता. टॉवेलचा काठ. डावीकडे एक डहाळी होती, बारीक बारीक पानांची, जोडीजोडीने लागलेली. बन्नी. पान न् पान हाताने भरलेलं, हिरव्याच्या तीन छटा. ऑर्डरीच्या टॉवेलाला कोणी एवढं करत नाही. आणि मधल्या रेघेच्या उजवीकडे काहीच नव्हतं. कोऱ्या चौकटी, शेवटपर्यंत.

तिला आधी कळलं नाही. मग तिने वरचं बटण पाहिलं. आरसा बंद होता.

तेवढ्यात घड्याळ हललं. एका झटक्यात आकडे बदलले, वर्ष बदललं, आजची दुपार झाली. प्रोग्रामने परवाना संपल्याची चौकट दाखवली, तिने ‘ठीक’ म्हणायच्या आत काठ गेला, डहाळी गेली, कोऱ्या चौकटी गेल्या. मागे निळा रिकामा पडदा राहिला.

ती पडद्याकडे बघत बसली होती तेवढ्यात नवी डिझायनर वैजयंती प्रसादाची वाटी घेऊन दारात आली.

‘मॅडम, खोबरं घ्या. झालं का हलवाहलवीचं?’

‘होत आलं. वैजयंती, एक सांग. आरसा बंद ठेवून काठ कधी काढतात?’

‘कशाला काढतील? डबल काम.’ वैजयंतीने खोबरं तिच्या हातावर ठेवलं. ‘दोन बाजूंना दोन वेगळ्या गोष्टी घालायच्या असल्या तरच. मी तर एवढ्या वर्षांत कधी काढला नाही. कुणी मागितलाय का तसला?’

‘नाही. कुणी मागितला नव्हता.’

वैजयंती गेली. धम्मप्रियाने खोबरं खाल्लं. दुसऱ्या बाजूला काय यायचं होतं ह्याचा पुरावा कुठेच नाही. पिंपळाचं, बोधिवृक्षाचं पान यायचं होतं असं तिला वाटलं, आणि तसं वाटून घ्यायची तिला फार इच्छा होती, पण चौकटी कोऱ्या होत्या. त्याला ठाऊक होतं की ती बाजू त्याच्या बाजूसारखी नाही, आरशात काढता येणार नाही, वेगळी, हाताने भरायला हवी. एवढं त्याला कळलं होतं. तिथवर येऊन तो थांबला होता. भरली असती तर काय झालं असतं, हा विचार तिने त्या खुर्चीत बसून एकदाच पुरता केला. पांढऱ्या साडीतली ती, दारात तो, हातात बन्नी, शालनबाई वाटी पुढे करतायत. गल्लीतली माणसं बघतायत. बघू देत.

मग तिने डोळे पुसले आणि एजंटाला लिहिलं, ‘मशीन बंद कर. ह्या वेळी नीट बंद कर, झोपवू नको.’

‘बंद केले. शिवयोगी ही डिस्क आता कोणत्याही मशीनला जोडलेली नाही. नव्या सर्व्हरवर जागा पुरेशी आहे. न्यावी, की पुसावी?’

जागा पुरेशी होती. हेच अवघड. जागा नसती तर गोष्ट सोपी होती.

‘पूस.’

‘पुसल्यानंतर परत आणता येणार नाही. नियमानुसार कृपया डिस्कचे नाव टाइप करा.’

आपल्याकडे बायका नाव घेतात ते लग्नात, उखाण्यात गुंफून, चार बायकांच्या आग्रहाने, लाजत, अडखळत. इथे आग्रह करायला एजंटाशिवाय कोणी नव्हतं. तिने बोटं ठेवली. गेलं वर्षभर हे नाव तिने दर सोमवारी वाचलं होतं, पण तो गेल्यापासून लिहिलं एकदाही नव्हतं. शि. व. यो. गी. एकही अक्षर चुकलं नाही.

‘पूर्ण झाले,’ एजंट म्हणाला.

जुन्या सर्व्हरचं मुख्य बटण तिने स्वतः दाबलं. घरघर थांबली. कपाटाच्या मुठीला आज कोणी फूल अडकवलं नव्हतं. दार ओढून घेऊन ती निघाली.

घरी आली तेव्हा दोरीवर तिची पांढरी साडी वाळत होती. शालनबाई उंबऱ्यात बसून उद्यासाठी वेलदोडे सोलत होत्या.

‘लवकर आलीस गं धम्मे.’

‘काम संपलं.’ तिने चपला काढल्या, हातपाय धुतले, आत जाऊन पाणी प्यायली. तिथूनच म्हणाली, ‘आई, उद्या खीर आपल्यापुरतीच कर.’

शालनबाईंचे हात थांबले. ‘आपल्यापुरतीच करती की. मग कुणापुरती करती मी?’

ओट्यावर पातेलं होतं. धम्मप्रियाने झाकण उचललं. खपली गहू पाण्यात फुगत होते, दोन बायकांच्या घराला नक्कीच जास्त. दर वर्षी असेच जास्त असत. तिसऱ्या वाटीसाठी आपणच गुपचूप एक मूठ वाढवतो म्हणून, असं तिला वाटायचं. यंदा तिने हात लावला नव्हता.

‘हे जास्त आहेत आई.’

शालनबाई वेलदोडे सोलत राहिल्या.

‘सकाळीच भिजत घातलेत,’ त्या म्हणाल्या. ‘भिजल्याले गहू परत डब्यात जात्यात व्हय?’